ट्रिप, कागद आणि घरच्यांची भीती : तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

दारू, तंबाखू, गांजा यावर या सदरात बऱ्याचदा बोलणं झालंय, पण गेल्या काही महिन्यांत येणाऱ्या मेलमध्ये एलएसडी, नशेचे मशरूम, 'ट्रिप' (म्हणजे या ड्रग्जची भास दाखवणारी नशा) हे शब्द फार वाढलेत. लिहिणारे दोन टोकांचे आहेत. आईवडील लिहितात की डॉक्टर, मुलगा हातातून गेला. मुलं लिहितात की काही होत नाही हो, तुम्ही लोक उगाच घाबरवता. दोन्ही बरोबर नाही, आणि या दोघांच्या मधे जे खरं आहे ते कोणीच नीट सांगत नाही म्हणून मुलं अडचणीत आली की घरी सांगत नाहीत, मित्र हॉस्पिटलला नेत नाहीत, आणि जे टळू शकलं असतं ते घडतं. म्हणून या वेळची सगळी जागा याच विषयाला. नावं छापलेली नाहीत, निश्चिंत वाचा.

प्रश्न (एक आई, नाशिक) : मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तिसरं वर्ष. सुट्टीत घरी आला तेव्हा जीन्स धुवायला टाकताना खिशात छोटं प्लॅस्टिकचं पाकीट सापडलं, आत नखाएवढा रंगीत कागद, त्यावर कसलंसं चित्र. आधी म्हणाला स्टिकर आहे, मग चिडला, मग म्हणाला आई हे दारूपेक्षा सेफ आहे, याचं व्यसन लागत नाही आणि याने आजपर्यंत कोणी मेलेलं नाही. मिस्टरांना अजून काही बोलले नाहीये. हे काय असतं आणि मी काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तो ब्लॉटर असावा, म्हणजे टीपकागदासारख्या कागदावर एलएसडीचं द्रावण सोडून वाळवतात आणि बारीक चौकोन कापून विकतात, पोरं त्याला पेपर किंवा ॲसिड म्हणतात. हे रसायन 1938 मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन नावाच्या शास्त्रज्ञाने बनवलं, अरगट नावाच्या बुरशीवर काम करताना. (आपल्याकडे बाजरीच्या कणसावर अरगट पडतो तो याच बुरशीचा भाऊबंद, त्यातली द्रव्यं वेगळी आहेत, पण तसली बाजरी खाऊन उलट्या आणि गुंगी आलेली माणसं आपल्याकडच्या दवाखान्यांनी पाहिलीयत.) 19 एप्रिल 1943 ला हॉफमनने स्वतःवर प्रयोग म्हणून 250 मायक्रोग्रॅम घेतलं, त्याला वाटलं एवढ्याशाने काय होतंय, आणि मग तो सहकाऱ्याबरोबर सायकलवरून कसाबसा घरी पोचला. घरातलं फर्निचर अंगावर येतंय असं त्याला वाटत होतं, दूध घेऊन आलेली शेजारीण चेटकीण दिसायला लागली, आपण आता मरतोय किंवा कायमचे वेडे होतोय अशी त्याची खात्री झाली. डॉक्टर आले, तपासलं, आणि मोठ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या सोडल्या तर शरीरात त्यांना काहीही वावगं सापडलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. माणसाला दिवसभर हलवून सोडणारा एलएसडीचा डोस वजनाने मिठाच्या एकदोन कणांएवढा असतो. तो मेंदूत सेरोटोनिन नावाच्या निरोप नेणाऱ्या रसायनाच्या एका विशिष्ट रिसेप्टरवर, म्हणजे तो निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या जागेवर, जाऊन बसतो आणि लवकर सुटत नाही. त्या रिसेप्टरचा भाग झाकणासारखा एलएसडीच्या रेणूवर मिटतो हे 2017 मध्ये संशोधकांनी दाखवलं, आणि म्हणूनच परिणाम इतका लांबतो. अर्ध्या ते दीड तासात सुरू होतं आणि आठ ते बारा तास चालतं, कधी जास्तही. भिंती श्वास घेतायत असं वाटतं, रंग भडक होतात, आवाज दिसतात, पाच मिनिटं तासासारखी वाटतात, विचार एकातून एक फुटत जातात. नाडी आणि बीपी थोडं वाढतं, घाम, मळमळ, झोप गायब. आणि मधेच थांबवता येत नाही. दारूत माणूस ओकून झोपतो तरी, इथे नकोसं झालं तरी अजून सात तास त्यातच.

आता मुलाची तीन वाक्यं. व्यसन लागत नाही हे बऱ्याच अंशी खरं आहे, दारू किंवा ब्राऊन शुगरसारखी शरीराला त्याची सवय लागत नाही, लागोपाठ घेतलं तर उलट परिणामच होत नाही. दारूपेक्षा सेफ हे अर्धवट खरं, शरीरापुरतं. यकृत, किडनी याने जात नाही. 1970 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत आठ जणांनी कोकेन समजून एलएसडीची पावडर नाकाने ओढली, काही कोमात गेले, ताप चढला, रक्तस्राव झाला, पण हॉस्पिटलमध्ये वेळेवर पोचले आणि आठही वाचले. म्हणजे विष म्हणून बघितलं तर हे ड्रग मुलगा म्हणतो तसंच आहे.

पण कोणी मेलेलं नाही हे खोटं आहे. लोक मेलेत, गच्चीवरून, बाल्कनीतून, पाण्यात जाऊन, रस्त्यावर गाडीखाली, कारण त्या वेळी उंची, वेग, खोली कशाचाच अंदाज राहत नाही. दुसरं म्हणजे तो कागद एलएसडीचाच आहे हे त्याला कोणी सांगितलं? एनबोम नावाच्या गटातली स्वस्त रसायनं अशाच चित्रांच्या कागदावर एलएसडी म्हणून जगभर विकली गेलीयत, त्यांनी रक्तवाहिन्या आवळतात, झटके येतात, ताप चढतो आणि त्यांनी लोक मेलेत. ती जिभेला कडू लागतात, पण कडू लागलं नाही म्हणजे चांगलं असं समजायचं नाही. आणि एकाच शीटवरच्या दोन चौकोनांतही माल सारखाच असेल याची खात्री विकणाऱ्यालाही नसते.

तुम्ही काय करायचं. तो कागद घरात ठेवू नका, लहान मूल असेल तर अजिबातच नको. मिस्टरांना सांगा, पण मुलाला आधी कल्पना देऊन, नाहीतर तो तुमच्याशीही बोलायचा बंद होईल. आणि त्याला खोटं घाबरवू नका. 'याने मेंदू सडतो', 'हे मणक्यात साठून राहतं', असलं काही बोललात की तो दोन मिनिटांत मोबाईलवर शोधणार, ते खोटं निघणार, आणि मग तुमचं खरंही तो ऐकणार नाही. त्यापेक्षा शांतपणे विचारा, किती वेळा घेतलंस, कोणाबरोबर, बरोबर दारू किंवा गांजा होता का, त्यात कधी घाबरलास का. आणि तुमच्या किंवा मिस्टरांच्या घराण्यात कोणाला मोठा मानसिक आजार होता का हे त्याला उघड सांगा. आपल्याकडे काका 'जरा तसे' होते एवढंच बोलून विषय बंद होतो. या बाबतीत ती माहिती त्याच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे, का ते खाली चौथ्या प्रश्नात वाचा.

प्रश्न (विद्यार्थी, पुणे) : गोव्याला पाच जण गेलो होतो, एकाने पार्टीनंतर रूमवर पेपर घेतला आणि दोन तासांनी तो पार बिथरला. मी मेलोय, तुम्ही सगळे नाटक करताय, असं ओरडायला लागला, मग बाल्कनीकडे धावला. आम्ही दोघांनी पकडून खाली दाबून धरलं तर अजून जोर करायला लागला. पोलीस येतील म्हणून हॉस्पिटलला नेलं नाही. सकाळी ठीक झाला. अशा वेळी करायचं काय असतं?

उत्तर : सकाळी ठीक झाला हे चांगलं झालं, आणि तुम्ही बाल्कनीपासून अडवलंत ते शंभर टक्के बरोबर केलंत. दाबून धरणं मात्र चुकीचं, कारण त्याच्या डोक्यात त्या क्षणी तुम्ही मित्र नव्हता, त्याला मारायला आलेली माणसं होतात. वर हॉफमनचं सांगितलं ना, बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही आणि आत माणूस मरणाच्या भीतीत असतो. शिवाय पालथं पाडून छातीवर बसलं की श्वास कोंडतो आणि अंग तापतं, असल्या नशेत तेच जीवावर बेततं.

पहिलं काम जागा सुरक्षित करायची. बाल्कनीचं दार लावा, गाडीच्या चाव्या लपवा, समुद्र आणि स्विमिंग पूलपासून लांब. मोठे दिवे बंद, म्युझिक बंद, गर्दी कमी. सगळ्यांनी एकदम समजावायचं नाही, ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशा एकाने जवळ बसायचं, आवाज खाली, वाक्यं छोटी. 'तू पेपर घेतलायस, त्याने असं वाटतंय, हे उतरणार आहे, मी इथेच आहे.' हेच परत परत, दहा वेळा, वीस वेळा. 'तू वेडा झालायस का' हे चुकूनही नाही. तो जे बघतोय ते खोटं आहे म्हणून वाद घालायचा नाही. दुसऱ्या खोलीत नेलं, अंगावर चादर घातली, पाणी दिलं एवढ्यानेही मूड पालटतो, हे ड्रग आजूबाजूच्या वातावरणाला फार पटकन पकडतं. उतरवायला म्हणून दारू पाजू नका, गांजा तर मुळीच नाही, त्याने भीती अजून चढते. घरातल्या झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने द्यायच्या नाहीत.

आणि हॉस्पिटल कधी, तर अंग चटका बसेल इतकं गरम लागलं, झटका आला, छातीत दुखलं, शुद्ध हरपली, उलट्या थांबत नाहीत, किंवा तो स्वतःला वा दुसऱ्याला इजा करेल असं वाटलं तर थांबायचंच नाही. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. 108 ची ॲम्ब्युलन्स महाराष्ट्रात आणि गोव्यातही आहे, 112 सगळीकडे लागतो. डॉक्टरला काय घेतलं, किती वाजता, बरोबर काय काय हे सरळ सांगा. तिथे शांत करायचं इंजेक्शन देतात, ताप, नाडी, बीपी बघतात आणि बऱ्याचदा काही तासांत प्रकरण आटोक्यात येतं. पोलिसांचं म्हणाल तर विषबाधेच्या केसमध्ये हॉस्पिटल एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, नोंदवू शकतं, हे मी लपवत नाही. पण मित्राचा झटका थांबत नसताना रूमवर बसून राहिलात आणि तो गेला तर जी केस होईल ती याच्यापेक्षा कितीतरी मोठी असेल, आणि तो परत येणार नाही ते वेगळंच.

प्रश्न (नाव, गाव नको) : कंपनीच्या युरिन टेस्टमध्ये हे कळतं का?

उत्तर : नेहमीच्या पाच-सहा ड्रग्जच्या पट्टीत एलएसडी नसतं, त्याची वेगळी तपासणी करावी लागते आणि ती केली तरी फार तर दोनचार दिवसांतलं दिसतं. गांजा मात्र त्या पट्टीत असतो आणि नियमित ओढणाऱ्यांचा आठवडे दिसू शकतो.

प्रश्न (बहीण, सांगली जिल्हा) : भाऊ 21 वर्षांचा. मुंबईला कॉलेजात असताना मित्रांबरोबर दोनतीनदा हे घेतलंय, गांजा रोजचा होता असं आता कळतंय. शेवटचं घेतलं त्याला तीन आठवडे झाले, पण तो नॉर्मलला आलाच नाही. रात्रभर जागा असतो, मोबाईलमधून कोणीतरी ऐकतंय म्हणून फोन पिठाच्या डब्यात ठेवतो, एकटाच हसतो. आमच्या आत्यांना असाच आजार होता. घरचे म्हणतात बाहेरची बाधा आहे, दोन ठिकाणी दाखवून झालं. मी काय करू?

उत्तर : तुझं पत्र वाचून आधी तुला मेल केलाय, इथे इतरांसाठी लिहितोय. ही ट्रिप नाहीये. ट्रिप बारा तासांत, फार तर एक झोप झाली की संपते. दोन दिवसांनंतरही भास, संशय, झोप न येणं चालूच असेल तर तो सायकोसिस, म्हणजे खरं काय आणि भास काय हे कळेनासं होणारा मानसिक आजार, असू शकतो आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञच लागतो, याच आठवड्यात.

आत्यांचं तू लिहिलंस ते फार मोलाचं आहे. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला होतो, आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर ते प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं, आत्या, मामा असेल तर त्याच्या मधे कुठेतरी. हा आजार सुरू व्हायचं वय पण हेच, अठरा ते पंचवीस-तीस. अशा मुलाच्या मेंदूला एलएसडी किंवा मशरूमसारखं ड्रग धक्का देऊ शकतं, आणि जो आजार कदाचित पुढे कधीतरी आला असता किंवा आलाही नसता तो आत्ता उभा राहतो. रोजच्या गांजाचा हात तर यात अजूनच मोठा असतो, त्याचे पुरावे जास्त भक्कम आहेत. पाच मित्रांनी एकच शीट वाटून घेतली, चौघांना काही झालं नाही आणि पाचव्याचं आयुष्य बदललं, हे असं घडतं, आणि तो पाचवा कोण हे आधी कपाळावर लिहिलेलं नसतं. मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची.

घरच्यांशी भांडू नकोस, त्यात दिवस जातील. अंगारा लावायचा तर लावू देत, देवाला जायचं तर जाऊ देत, पण त्याच दिवशी डॉक्टरकडेही न्यायचं एवढं पदरात पाडून घे. मारहाण, धुरी, उपाशी ठेवणं, बांधून ठेवणं मात्र अजिबात होऊ देऊ नकोस, 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा छळाला बंदी आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालयं आहेत. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस 14416, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. उपचार जितके लवकर तितकं बरं होणं चांगलं. काहींचं हे दिवसांत, आठवड्यांत निवळतं, काहींना औषध लांबपर्यंत घ्यावं लागतं, ते आज कोणी सांगू शकत नाही. बरं वाटायला लागलं की गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, आणि गांजा कायमचा बंद. तो म्हणतो कोणी ऐकतंय, तर 'नाही ऐकत' म्हणून वाद नको, 'तुला भीती वाटतीये ना, झोप पण नाहीये, त्यासाठी डॉक्टरकडे जाऊ' असं म्हण. झोपेच्या कारणाने मुलं बऱ्याचदा तयार होतात.

प्रश्न (वय 24, ठाणे) : दोन महिन्यांपूर्वी एकदाच घेतलं होतं, तेव्हा मजा आली. पण अजून पांढऱ्या भिंतीकडे बघितलं की टीव्हीला मुंग्या यायच्या तसं दिसतं, हात हलवला की मागे शेपूट दिसतं, रात्री गाड्यांच्या लाईटभोवती वलयं. मी वेडा होतोय का?

उत्तर : नाही. तुम्हाला माहितीये की हे खरं नाही, फक्त दिसतंय, आणि हा फरक फार मोठा आहे. याला एचपीपीडी म्हणतात, ट्रिप संपल्यावरही नजरेतले काही बदल मागे राहतात. सगळ्यांना होत नाही, पण होतं तेव्हा एकदाच घेतलेल्यालाही होऊ शकतं. मायग्रेनमध्ये आणि डोळ्यांच्या काही तक्रारींतही असं दिसतं, म्हणून आधी डोळे आणि मग मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ, या क्रमाने दाखवून घ्या. बऱ्याच जणांचं काही महिन्यांत कमी होत जातं, काहींचं राहतं पण सवय होते. परत काहीही घ्यायचं नाही, गांजासुद्धा नाही, त्याने उलटून येतं. झोप पुरी करा, कॉफी कमी. आणि दिवसभर भिंती तपासत बसू नका, जितकं शोधाल तितकं दिसेल, चिंतेने हे वाढतं हे नक्की. वलयं दिसतायत तोवर रात्री बाईक चालवू नका, ही विनंती नाही, सांगतोय.

प्रश्न (आयटी, हिंजवडी) : दीड वर्ष डिप्रेशनची गोळी चालू आहे, एस्सिटालोप्रॅम. ऑफिसातला एक जण मायक्रोडोसिंग करतो, म्हणजे ट्रिप येणार नाही इतका थोडासा डोस अधूनमधून घेतो, म्हणतो मी गोळ्या सोडल्या, फोकस जबरदस्त आलाय. परदेशात तर डॉक्टरच मशरूम देतात म्हणे. मी करून बघू का?

उत्तर : नका करू. तुम्ही ऐकलंय ते अगदीच खोटं नाहीये, ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2023 पासून खास परवानगी असलेले मानसोपचारतज्ज्ञ, इतर औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी सायलोसायबिन, म्हणजे मशरूममधलं द्रव्य, देऊ शकतात. मलाही या संशोधनाबद्दल आशा आहे, माझ्याकडे असे पेशंट आहेत ज्यांना कुठलंच औषध लागू पडत नाही. पण तिथे काय करतात ते बघा, घराण्यात सायकोसिस किंवा बायपोलर आहे का विचारून अशा लोकांना आधीच वगळतात, चालू औषधं बघतात, द्रव्य मोजून शुद्ध दिलेलं असतं, सगळा वेळ प्रशिक्षित माणसं शेजारी बसतात, आणि आधी नंतर थेरपी असते. ऑफिसातल्या पार्किंगमध्ये मिळालेल्या कागदाचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

मायक्रोडोसिंगचं सांगतो. 2021 मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी लोकांना घरीच कॅप्सूल भरायला लावल्या, काहींत ड्रग, काहींत काहीच नाही, आणि कुठल्यात काय ते घेणाऱ्याला कळणार नाही अशी व्यवस्था. फायदा दोन्ही गटांना झाला, रिकाम्या कॅप्सूलवाल्यांनाही जवळपास तितकाच. आणि आठवड्यातून अनेकदा महिनोन्महिने घेतलं तर हृदयाच्या झडपांचं काय, ही शंका डॉक्टरांच्या मनात आहेच, कारण सेरोटोनिनच्या ज्या रिसेप्टरमुळे काही जुन्या औषधांनी झडपा खराब झाल्या त्यावर एलएसडीही बसतं.

तुमच्यासाठी खरा धोका तिसराच आहे. एस्सिटालोप्रॅमसारख्या गोळ्या चालू असताना ट्रिप फिकी येते, मग लोक एकतर डोस वाढवतात नाहीतर गोळी अचानक बंद करतात. अचानक बंद केली की चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखं वाटणं, चिडचिड, आणि काही आठवड्यांत डिप्रेशन परत, कधी आधीपेक्षा वाईट. आणि हे वाचणारं कोणी लिथियमवर असेल तर नीट ऐका, लिथियम चालू असताना एलएसडी किंवा मशरूम घेतलेल्यांना झटके आल्याच्या नोंदी आहेत, ते अजिबात नाही. गोळीने दीड वर्षात पुरेसं बरं वाटत नसेल तर तुमच्या डॉक्टरला तसं सांगा, डोस, औषध, थेरपी, बदलण्यासारखं पुष्कळ असतं. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.

प्रश्न (आईवडील, मुलगी नेदरलँड्समध्ये शिकते) : तिथे दुकानात ट्रफल्स कायद्याने मिळतात म्हणते, म्हणजे सेफच ना?

उत्तर : दुकानात मिळतात हे खरं. ताज्या मशरूमवर तिथे 1 डिसेंबर 2008 पासून बंदी आली, आदल्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये एक सतरा वर्षांची फ्रेंच मुलगी मशरूम खाऊन इमारतीवरून पडून गेली त्यानंतर. जमिनीखालच्या गाठी, म्हणजे ट्रफल्स, त्या बंदीत आल्या नाहीत एवढंच. द्रव्य तेच आहे. दुकानातला माल काय आहे हे कळतं हा फायदा नक्की, पण घराण्यातला आजार, चालू औषधं आणि एकटीने खोलीत घेणं हे धोके तिथेही तसेच. तिला विचारा, रागावू नका, ती तुम्हाला सांगतीये ही फार चांगली गोष्ट आहे. आणि इथे भारतात सायलोसायबिन एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे, सुट्टीत येताना बॅगेत घेऊन येऊ नकोस हे तिला आवर्जून सांगा.

प्रश्न (लॉचा विद्यार्थी, औरंगाबाद) : एकदोन पेपर सापडले तर 'स्मॉल क्वांटिटी'त येतं, लगेच सुटतो, असं हॉस्टेलवर सगळे म्हणतात.

उत्तर : मी वकील नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या केस बघून एवढं नक्की सांगतो की हॉस्टेलवरचं हे गणित धोक्याचं आहे. 1985 च्या एनडीपीएस कायद्याखाली एलएसडीची स्मॉल क्वांटिटी, म्हणजे कमी शिक्षेचं प्रमाण, आहे 0.002 ग्रॅम आणि कमर्शियल, म्हणजे कडक शिक्षेचं, 0.1 ग्रॅम. आता वजन नुसत्या एलएसडीचं करायचं की कागदासकट, यावर कोर्टांत वाद झालेत, आणि मुंबई हायकोर्टाने 2021 मध्ये कागदासकट धरायचं असं म्हटलंय. कागदाचा एक चौकोन साधारण 10 मिलिग्रॅम किंवा जास्तच भरतो. म्हणजे कागद धरला तर एकाच चौकोनात स्मॉल क्वांटिटी ओलांडली, आणि ग्रुपसाठी म्हणून दहाएक घेतले तर ते कमर्शियल, तिथे शिक्षा किमान 10 वर्षं आणि कलम 37 मुळे जामीन महाकठीण. मित्रांनी पैसे काढले होते, मी फक्त ऑर्डर केली, हे कोर्टात चालत नाही, ज्याच्याकडे सापडलं त्याचं. ऑनलाईन मागवलं तर कळत नाही हाही गैरसमज आहे, जून 2023 मध्ये एनसीबीने, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने, डार्कनेटवरून (इंटरनेटच्या छुप्या भागातून) कुरिअरने चालणारं जाळं पकडलं त्यात जवळपास 15 हजार ब्लॉट, म्हणजे असे चौकोन, होते.

एक गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही ती सांगतो. याच कायद्यात कलम 64 अ आहे, व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले तर नुसतं सेवन किंवा स्मॉल क्वांटिटीच्या गुन्ह्यात खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाईन 14446 आहे, पुण्यात मुक्तांगण 1986 पासून हे काम करतंय. प्रत्यक्ष केस असेल तर मात्र वकीलच गाठा.

प्रश्न (शिक्षक, सातारा जिल्हा) : आमच्याकडे महाशिवरात्रीच्या सुमारास दहावीच्या दोन मुलांनी ट्रिप होते असं कुठेतरी बघून धोतऱ्याच्या बिया खाल्ल्या. एक वाचला, एकाला आयसीयूत ठेवावं लागलं. फुकट मिळतं, शंकराला वाहतात, त्यामुळे मुलांना भीतीच वाटत नाही. याबद्दल लिहा.

उत्तर : सर, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं, कारण वरच्या सगळ्या ड्रग्जपेक्षा मला धोतऱ्याची भीती जास्त वाटते आणि तो प्रत्येक गावात, शेताच्या बांधावर, उकिरड्यावर उभा आहे. एलएसडीने विषबाधा होऊन माणूस जाणं दुर्मीळ, धोतऱ्याने जातो. त्यात ॲट्रोपीन, स्कोपोलामीन असतं. एका झाडाच्या बोंडात किती आणि शेजारच्यात किती याचा काही मेळ नसतो, त्यामुळे मागच्या वेळी एवढ्या बिया खाल्ल्या काही झालं नाही, हा हिशोब उपयोगाचा नाही.

आणि त्यात ट्रिप वगैरे काही नसते, असतो तो भ्रम. एलएसडी घेतलेल्याला बहुतेक वेळा माहीत असतं की आपण काहीतरी घेतलंय. धोतऱ्यात तेच कळत नाही. मुलगा कॉटवर बसून समोर नसलेल्या मित्राशी अगदी व्यवस्थित गप्पा मारतो, हातात नसलेली बिडी ओढतो, झटकतो, चादरीवरून काहीतरी वेचत राहतो, आणि आई समोर उभी असते तिला ओळखत नाही. तोंड कोरडं ठक्क, चेहरा लाल, कातडी गरम आणि कोरडी, घाम नाही, बाहुल्या एवढ्या मोठ्या की उजेड सहन होत नाही, नाडी धावतीये, लघवी तुंबलेली. हे एक दोन दिवस चालतं, नजर तर त्यानंतरही काही दिवस अंधुक राहते. ताप चढून किंवा हृदयाचे ठोके बिघडून जीव जातो, किंवा तो मुलगा त्या अवस्थेत विहिरीकडे, हायवेकडे चालत जातो. मजा आली म्हणून परत खाणारं मी तरी कोणी बघितलं नाही.

शाळेत सांगताना देवाचं फूल म्हणून विषय टाळू नका, उलट तिथूनच सुरुवात करा. पिंडीवर वाहायचं, तोंडात नाही, हे घरोघरी आजीला माहीत होतं, आता ते मुलांपर्यंत पोचत नाहीये. बोंड काटेरी, आतल्या बिया चपट्या, मिरचीच्या बियांसारख्या दिसतात, त्यामुळे लहान मुलं चुकूनही खातात. मुलांना झाड दाखवा, हात धुवायला लावा.

खाल्लंय असा संशय आला तरी वाट बघायची नाही. मीठपाणी पाजून उलट्या काढू नका, ताक, लिंबू, दूध यात वेळ घालवू नका, बोट घशात घालू नका. गुंगीत असेल तर श्वासनलिकेत जाईल. ओल्या फडक्याने अंग पुसत, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून न्या, एकट्याला मागे बाईकवर बसवून नाही, तो चालत्या गाडीवरून उतरायला बघतो. 108 ला फोन करतानाच 'धोतरा खाल्लाय' हे शब्द सांगा आणि उरलेलं बोंड किंवा फांदी पिशवीत घालून डॉक्टरला दाखवायला बरोबर न्या, कारण ताप आणि बडबड बघून मेंदूज्वर समजला जाऊ शकतो आणि तपासण्यांत वेळ जातो. तालुक्याच्या दवाखान्यातून पुढे पाठवलं तर ती फांदीही पुढे पाठवा. आयसीयूतल्या मुलाचं पुढे काय झालं ते कळवा.